विषयचिंतन आणि हातातील यंत्र
(गीता-स्वाध्याय : अध्याय २, श्लोक ६२ व ६३)

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगत असता भगवंतांनी अवघ्या दोन श्लोकांत मनुष्याच्या अधःपाताची सारी उतरण दाखविली आहे. तिच्या पायऱ्या आठ आहेत. विषयाचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. हे श्लोक आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असतात, सायंकाळच्या प्रार्थनेत म्हटलेही जातात. पण पहिली पायरी आपल्या घरात, आपल्याच पैशाने विकत आणलेल्या यंत्रातून, आपल्या मुलांच्या पायाखाली येऊन पडली आहे, हे लक्षात येण्यास मात्र उशीर होतो. त्या उशिराचा एक प्रसंग पाहण्यात आल्यामुळे आजच्या पाठासाठी हे दोन श्लोक घेतले आहेत.

लखनौत गोमतीपलीकडच्या आमच्या वस्तीत दोन पिढ्यांपासून स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. नित्यपूजा, एकादशी, मुलांकडून स्तोत्रपाठ, सर्व काही यथासांग. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा घराघरांप्रमाणे याही घरी मुलाच्या हाती अभ्यासासाठी मोबाईल आला. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाईल परत गेला नाही. मुलगा तेरा वर्षांचा झाला असता एका रात्री वडिलांनी त्याला पांघरुणाखाली अश्लील चित्रफीत पाहताना धरले. त्यांनी त्याला मारले, यंत्र भिंतीवर आपटून फोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मजकडे येऊन म्हणाले, "पंडितजी, आमच्या संस्कारांत काय उणे पडले? गीता याला काय प्रायश्चित्त सांगते?"

मी म्हटले, "प्रायश्चित्ताचे मागाहून पाहू. आधी हे दोन श्लोक आपण दोघे मिळून पुन्हा वाचू." त्या वाचनात जे हाती आले तेच येथे क्रमाने मांडतो.

पहिल्या पायरीचा विचार

भगवंतांनी उतरणीचा आरंभ कामापासून केलेला नाही, चिंतनापासून केला आहे. काम हा तिसरा आहे. त्यापूर्वी दोन पायऱ्या आहेत आणि त्या दोन्ही निःशब्द आहेत. विषय डोळ्यांसमोर येतो. तो वारंवार आला म्हणजे मन त्याच्याभोवती घोटाळू लागते. घोटाळता घोटाळता त्याला चिकटते. येथपर्यंत मनुष्याने इच्छा म्हणून काही केलेलेच नसते.

पूर्वीच्या काळी विषय गाठण्यास कष्ट पडत. चोरून पुस्तक मिळवावे लागे, लपवावे लागे, कोणी पाहील ही लाज आड येई. ती लाज, ते अंतर, तो खर्च यांचे कुंपण आपोआप होते. आज ते कुंपण राहिलेले नाही. सामग्री फुकट आहे, अमर्याद आहे आणि एकांतात आहे. त्याहून मोठी गोष्ट ही की, मुलाने ती शोधलीच पाहिजे असे नाही. एखाद्या खेळाच्या जाहिरातीतून, चुकीच्या अक्षरांनी केलेल्या शोधातून, वर्गमित्राने पाठविलेल्या दुव्यातून ती स्वतःच त्याच्यापुढे येते. एकदा दृष्टी थबकली की यंत्र ते टिपते आणि त्याच जातीची पुढची वस्तू आणून ठेवते. ज्या व्यवसायाचा नफा प्रेक्षक किती वेळ खिळून राहतो यावर अवलंबून आहे, त्या व्यवसायाने विषयचिंतन हेच आपले भांडवल केले आहे. आपल्या मनाला चिंतनातून बाहेर पडण्यास जो विसावा लागतो, तोच तो मिळू देत नाही.

याच अध्यायात भगवंतांनी असेही बजावले आहे की, यत्न करणाऱ्या विवेकी पुरुषाचे मनदेखील इंद्रिये बळाने ओढून नेतात. आणि इंद्रियामागे धावणारे मन बुद्धीला वाऱ्याने पाण्यावरील नाव हाकलावी तसे हाकलून नेते. जेथे विवेकी पुरुषाची ही कथा, तेथे तेरा वर्षांच्या मुलाला "तुला लाज कशी वाटली नाही?" असे विचारणे कितपत न्यायाचे आहे, हे प्रत्येक गृहस्थाने स्वतःशी ठरवावे.

पुढील पायऱ्या आणि मुलाची हानी

संगानंतरच्या पायऱ्या मुलाच्या जीवनात कशा उमटतात, ते पाहू. अशा चित्रफितींतील वर्तन हे अभिनीत असते, पुष्कळदा क्रूर असते, आणि समोरच्या व्यक्तीच्या संमतीला त्यात किंमत नसते. मुलाला हे कोणी सांगितलेले नसते. त्याला वाटते, मोठ्यांचे जग असेच आहे. स्त्री ही मनुष्य नसून वस्तू आहे, हा धडा तो शिक्षकावाचून शिकतो. मुलीही याच सामग्रीपुढे येतात आणि स्वतःच्या देहाविषयी घृणा व भय शिकतात. हाच संमोह होय. जे जसे नाही ते तसे दिसणे.

मग झोप तुटते, अभ्यासात चित्त लागत नाही, कोणी यंत्राला हात लावला की संताप येतो. हा क्रोध. आपण कोण, आपल्याला काय व्हायचे होते, काल रात्री आपण काय ठरविले होते, याचा विसर पडतो. हा स्मृतिभ्रंश. ठरवूनही थांबता येत नाही, असे मूल स्वतःच कबूल करते, तेव्हा बुद्धी हतबल झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात, लैंगिक प्रेरणा आवरता न येण्याच्या दीर्घकालीन अवस्थेची विकार म्हणून नोंद केली आहे. मात्र त्याच नोंदीत ही मर्यादाही घातली आहे की, केवळ नैतिक लाज वा पश्चात्ताप वाटतो एवढ्यावरून कोणाला रोगी ठरवू नये. ही मर्यादा पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी. एकदा वा अनेकदा पाहिलेले प्रत्येक मूल रोगी नसते, आणि पापी तर नसतेच.

राज्याने काय केले

कोणी म्हणेल, ही गोष्ट शासनाने बंद का करू नये? शासनाने यत्न केले नाहीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ च्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली, बालकांचे लैंगिक चित्रण तयार करणे, पसरविणे, इतकेच नव्हे तर शोधणे व पाहणे हाही अपराध ठरला. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा 'पॉक्सो' कायदा नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला. २०१३ मध्ये इंदूरच्या एका वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०१५ च्या अखेरीस केंद्र शासनाने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला, आणि थोड्याच दिवसांत तो सैल करावा लागला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळांवर पुन्हा बंदी आली. एक दार लावले की त्याच घराला दुसऱ्या नावाने दुसरे दार फुटते, हा अनुभव त्यानंतर सर्वांनी घेतला.

आमच्या लखनौत स्त्रियांच्या साहाय्यासाठी १०९० क्रमांकाची पोलीस-सेवा २०१२ पासून आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये या सेवेने अशी योजना जाहीर केली की, इंटरनेटवर अश्लील सामग्री शोधणाऱ्याला सावधगिरीचा संदेश जावा. हेतू स्त्रियांच्या रक्षणाचा होता. पण पोलिसांनी नागरिकांच्या शोधावर लक्ष ठेवावे काय, असा प्रश्नही तत्काळ उभा राहिला. आपल्या पाठापुरता बोध एवढाच की, संदेश यंत्रावर येतो. यंत्र हातात धरणाऱ्या मुलाच्या मनापर्यंत तो कोणी पोहोचवायचा, हे काम पोलिसांचे नव्हे.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. बालकांचे लैंगिक शोषण दाखविणारी सामग्री विशिष्ट हेतूने जवळ बाळगणे हाही अपराध आहे, असे सांगून न्यायालयाने अशा सामग्रीला नेहमीचे 'अश्लील चित्रण' हे नाव न देता 'शोषण व अत्याचाराची सामग्री' म्हणावे असे सुचविले. त्याच निर्णयात मुलांना योग्य लैंगिक शिक्षण देण्याच्या गरजेवरही भर आहे. इतर देशही याच प्रश्नाशी झगडत आहेत. ब्रिटनने जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांवर वयाची पडताळणी सक्तीची केली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. कुंपणे हवीतच. पण बाहेरचे कुंपण कितीही उंच केले तरी घराचा उंबरा घरच्यांनीच राखावा लागतो.

शंका आणि समाधान

शंका १ : मोबाईलच काढून घेतला तर?

समाधान : लहान रोपाला काटेरी कुंपण लागते, हे खरे. लहान वयात स्वतःचे, एकांतातले, इंटरनेटचे यंत्र देऊच नये. त्यात कठोरता नाही, वत्सलता आहे. परंतु वाढत्या मुलाच्या बाबतीत केवळ काढून घेणे पुरत नाही. भगवंतांनीच सांगितले आहे की, आहार तोडलेल्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडी त्याहून श्रेष्ठ असे काही दिसल्यावरच मावळते. तिसऱ्या अध्यायात त्यांनी याहून स्पष्ट शब्द वापरला आहे. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे स्मरण करीत बसणारा तो मिथ्याचारी. यंत्र फोडून आपण मुलाला विरक्त करीत नाही, बहुधा मिथ्याचारी करतो. उद्या तो मित्राच्या यंत्रावर पाहील आणि आपल्याला सांगणार नाही. म्हणून काढून घेतलेल्या वस्तूच्या जागी काय दिले, हा खरा प्रश्न आहे. मैदान, तालीम, गायन, वादन, हाताचा एखादा उद्योग, वडिलांचा अर्धा तास. ज्या शहरात विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, त्या शहरात राहून मुलाच्या कानाला आपण काय देतो, हे मराठी गृहस्थांनी तरी स्वतःला विचारावे.

शंका २ : या विषयावर मुलांशी बोलल्याने नको ते कुतूहल जागे होणार नाही काय?

समाधान : कुतूहल वयानेच जागे होते, आपण न बोलल्याने ते निजत नाही, दुसऱ्याकडे जाते. येथे एका शब्दाचा विचार उपयोगी पडेल. 'अश्लील' हा शब्द मुळात 'अश्रील' असा असून त्यात रकाराचा लकार झाला आहे. ऋग्वेदातील गोसूक्तात त्याचेच 'अश्रीर' हे रूप आढळते. अर्थ असा की, ज्यात श्री नाही ते. श्री म्हणजे शोभा, प्रतिष्ठा, मांगल्य. म्हणजे देह अश्लील नाही, देहाविषयीचे ज्ञान अश्लील नाही. त्यातील श्री हिरावून घेऊन त्याची विक्री करणे हे अश्लील आहे. सातव्या अध्यायात भगवंत स्वतःच म्हणतात की, प्राण्यांच्या ठायी असलेला, धर्माला विरोधी नसलेला काम मी आहे. आपल्या शास्त्रांनी काम हा पुरुषार्थ मानला आणि विवाह हा संस्कार मानला. मग त्याविषयी घरात शुद्ध शब्दांत बोलण्याची लाज आपल्याला का वाटावी?

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. कर्व्यांची सर्व मते आमच्या वाचकांना मान्य होतील असे नाही. प्रस्तुत लेखकालाही ती सर्व मान्य नाहीत. पण ज्ञान आणि अश्लीलता या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांचे म्हणणे नाकारून आपण काय मिळविले? ज्ञानाची जागा रिकामी ठेवली, आणि त्या रिकाम्या जागेत आज अश्लीलता येऊन बसली.

शंका ३ : मूल पाहून बसले असेल तर काय करावे?

समाधान : प्रथम आपला क्रोध आवरावा. उतरणीवरची चौथी पायरी क्रोधाची आहे आणि त्या रात्री बहुधा मुलाआधी पालकच तिच्यावर उभा असतो. नवव्या अध्यायातील आश्वासन आठवावे. मोठा दुराचारी असला तरी त्याचा निश्चय योग्य ठिकाणी लागला की तो साधूच समजावा, तो शीघ्र धर्मात्मा होतो. सहाव्या अध्यायात अर्जुनालाही हीच चिंता होती की वाट चुकलेल्याचे काय होते; भगवंतांनी त्याला 'तात' असे वत्सल संबोधन करून सांगितले की, कल्याणाचे करू पाहणाऱ्याची कधी दुर्गती होत नाही. मुलाशी बोलावयाचा स्वर या एका शब्दातून शिकावा. पुष्कळ दिवस यत्न करूनही मूल थांबू शकत नसेल, खिन्न व एकाकी होत असेल, तर वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. मानसिक आरोग्यासाठी शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

शंका ४ : कोणी मुलाला चित्र पाठविण्यास भाग पाडून धमकावीत असेल तर?

समाधान : हा विषयचिंतनाचा प्रश्न नव्हे, हा मुलावर झालेला अपराध आहे आणि येथे मूल पीडित आहे. त्याला पहिले वाक्य हेच सांगावे की, "तू मला सांगितलेस हे चांगले केलेस." पैसे देऊ नयेत, आणखी चित्रे पाठवू नयेत, धमकीचे संदेश व खात्याचे नाव पुरावा म्हणून जपून ठेवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. पैसे गेले असल्यास १९३० वर लगेच कळवावे. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. अल्पवयीनाचे चित्र पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवाही आहे. तीत मूळ चित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही, त्याची केवळ अंकीय खूण घेतली जाते. लोकलज्जेसाठी गप्प बसणे म्हणजे अपराध्याला बळ देणे होय.

गृहस्थाने पाळावयाचे नियम

१. रात्री सर्वांची यंत्रे, वडिलांचेसुद्धा, एका ठिकाणी ठेवावीत. निजण्याच्या खोलीत यंत्र नसावे.
२. लहान मुलांनी इंटरनेट घराच्या मोकळ्या जागेतच वापरावे. त्यांच्या यंत्रावर 'सेफ सर्च', 'फॅमिली लिंक' किंवा 'स्क्रीन टाइम' यांसारखी नियंत्रणे लावावीत, आणि ती लावली आहेत हे मुलाला सांगूनच लावावीत. चोरून पहारा केल्याने मूल चोरून वागणेच शिकते.
३. लहानपणीच अवयवांची शुद्ध नावे, योग्य व अयोग्य स्पर्श, आणि "भीती वाटावी असे काही दिसले तर आम्हांला सांग, आम्ही रागावणार नाही" हे वाक्य मुलाच्या कानी घालावे. वयात येण्याच्या सुमारास वडिलांनी वा आईने त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे. एकदाच प्रवचन देऊ नये. थोडे थोडे, वारंवार बोलावे.
४. मुलाला हे समजवावे की, चित्रातील व्यक्ती कोणाची तरी लेक वा लेक असण्याआधी स्वतः एक जीव आहे, आणि तिच्या संमतीवाचून तिचे चित्र पाहणे, पाठविणे वा कृत्रिम बुद्धीच्या साह्याने बनविणे ही हिंसा आहे.
५. आहार, विहार, निद्रा व जागरण यांतील मितपणा, जो सहाव्या अध्यायात योगाचा पाया म्हणून सांगितला आहे, तो सर्व घराने पाळावा. मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण, हे अर्जुनाचे म्हणणे भगवंतांनी खोडून काढले नाही. अभ्यास आणि वैराग्य यांनी ते साधते, एवढेच सांगितले. अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा करणे. एका दिवसाच्या शपथेने कोणी जिंकला नाही.

उपसंहार

आता त्या मुलाकडे वळतो. दोन दिवसांनी वडिलांनी त्याला मजकडे आणले. बराच वेळ तो बोलला नाही. मी श्लोक न सांगता त्याला एवढेच विचारले की, हे पहिल्यांदा कोठे दिसले? तो खाली पाहत म्हणाला, "काका, बाबांच्या मोबाईलवर. त्यांच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये आले होते. मी गृहपाठाचा फोटो शोधत होतो."

वडील जवळच बसले होते. त्यांनी ते चित्र पाहिलेही नसेल. अशा समूहांत दिवसाकाठी किती वस्तू येऊन पडतात, याची गणती कोण करतो? पण त्यांनी ते खोडले नव्हते, पाठविणाऱ्याला टोकले नव्हते, समूहही सोडला नव्हता. मी काही बोललो नाही. तिसऱ्या अध्यायातील वचन, श्रेष्ठ पुरुष जे आचरतो तेच इतर लोक आचरतात, ते त्यांना पाठ होते. थोड्या वेळाने त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी तुला मारायला नको होते." मग त्यांनी तेथेच बसून आपला मोबाईल काढला आणि तो समूह सोडला. मुलगा त्या वेळी प्रथमच रडला.

प्रायश्चित्त काय, हा प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही. आता पितापुत्र रोज सायंकाळी गोमतीच्या काठाने चालावयास जातात. सारे सुधारले, असे लिहिण्याचा मोह मी आवरतो. मुलाला अजून अवघड दिवस येतात. पण ते आले की तो वडिलांना सांगतो. उतरणीवर एकटा असलेला मनुष्य घसरत जातो. कोणी हात धरला तर त्याच पायऱ्यांनी वरही येता येते.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. दुसऱ्या अध्यायातील आठ पायऱ्या क्रमाने लिहा व स्वतःच्या जीवनातील एखाद्या सवयीवर, मग ती कोणतीही असो, लावून पाहा.
२. 'धर्माला विरोधी नसलेला काम' याचा अर्थ आपल्या वयात आलेल्या मुलाला किंवा मुलीला आपण कोणत्या सोप्या शब्दांत सांगाल?
३. आज रात्री आपला मोबाईल मुलाच्या हाती पडला तर त्यातील काय त्याने पाहू नये असे आपल्याला वाटेल? ते उद्यापर्यंत का ठेवावे?